पहिली मेडिक्लेम पॉलिसी घेताना: हप्त्याआधी बिल बघा

आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, आत बसवलेला रॉड, पाच दिवसांचा मुक्काम, सगळं धरून बिल झालं ३ लाख रुपये. पॉलिसी ५ लाखांची होती, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त होतो. डिस्चार्जच्या दिवशी मेडिक्लेम डेस्कवरच्या मुलीने कागद पुढे केला: मंजूर रक्कम २ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार भरल्याशिवाय आईला घरी नेता येणार नव्हतं. कंपनीने कुठलाही नियम मोडला नव्हता. ते कलम पॉलिसीत पहिल्यापासून होतं आणि आमच्यापैकी कुणीही ते वाचलेलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी पहिली पॉलिसी घ्यायला निघालं, की मी त्यांच्यासोबत बसतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वर्षाला किती भरायचे?" मी सांगतो, आधी बिल समोर ठेवा. दवाखान्याचं बिल आलं तर त्यातलं किती आपल्या खिशातून जाईल, हे काढा. पॉलिसी स्वस्त आहे की महाग, ते त्या आकड्यावरून कळतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी घरात काय आहे ते बघा

नवी पॉलिसी घेण्याआधी, आपल्याला कुठलं संरक्षण आधीच मिळालेलं आहे का हे तपासा. बऱ्याच घरांत ते असतं आणि कुणाला पत्ता नसतो.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयानंतर ती सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुली झाली आणि आयुष्मान भारतशी जोडून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. घरात ७० वर्षं पूर्ण झालेलं कुणी असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी त्यांना आयुष्मान भारतचं वेगळं कार्ड काढता येतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) नोंदलेली असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि त्यात कुटुंबाचेही उपचार येतात.

मग खाजगी पॉलिसी हवीच कशाला? सरकारी योजना ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते. तुमच्या तालुक्यातलं किंवा तुम्ही नेहमी जाता ते रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीला, जाऊन विचारा. ते योजनेत असेल आणि घरची आर्थिक ओढाताण असेल, तर हप्त्यासाठी कर्ज काढू नका. आधी कार्ड काढा.

नोकरीतली ग्रुप पॉलिसी चांगली असते. तिच्यात बहुतेक वेळा वेटिंग पिरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) नसतो, आई-वडीलही बसू शकतात. पण नोकरी गेली की ती जाते. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सुटली, तोवर साखर सुरू झाली, आणि मग आयुष्यातली पहिली पॉलिसी शोधायची वेळ आली, अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून ऑफिसची पॉलिसी असली तरी तिशीतच स्वतःची एखादी लहान पॉलिसी सुरू करून ठेवावी. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्कही असतो. एचआरला ते लेखी विचारा.

हप्त्याचे पैसे बँकेत टाकले तर?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. समजा हप्ता वर्षाला १५,००० आहे. तेवढे पैसे दरवर्षी ७ टक्के व्याजाने ठेवले, तर दहा वर्षांनी साधारण २ लाख २० हजार जमतात. दहा वर्षांत कुणी आजारी पडलं नाही, तर बँकेत ठेवणारा फायद्यात. पण आजार दहाव्या वर्षापर्यंत थांबेल असं नाही. तिसऱ्या वर्षी अँजिओप्लास्टी करावी लागली, तर हाताशी ५० हजारही नसतात. विमा विकत घेताना आपण या तिसऱ्या वर्षाच्या भीतीपासून सुटका विकत घेतो. दहाव्या वर्षाचा हिशेब त्यात बघायचा नसतो.

यातूनच एक मोजमाप निघतं. ताप, खोकला, रक्ततपासणी, चष्मा हे खर्च घर सोसू शकतं. ते खिशातून करा. घर ज्या खर्चाखाली दबेल, सोनं गहाण पडेल किंवा जमीन विकावी लागेल, त्याच खर्चाचा विमा घ्या. ओपीडीचं कव्हर, मोफत तपासण्या, जिमची सवलत अशा जोडण्या जाहिरातीत मोठ्या दिसतात. हिशेब केला की समजतं, की ५,००० रुपयांच्या ओपीडीसाठी तुम्ही जवळपास तेवढाच जादा हप्ता भरत असता. प्रसूतीच्या जोडणीचंही बहुतेक वेळा असंच होतं: दोन-तीन वर्षं थांबा, तोवर जादा हप्ता भरा, आणि शेवटी मिळणाऱ्या रकमेला मर्यादा. हे पैसे विम्याची मूळ रक्कम वाढवायला वापरा.

लोक विमा मागतात कधी, हे दुखणं वेगळंच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागातल्या सुमारे ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचं कुठलंच संरक्षण नव्हतं. नीती आयोगाने २०२१ मध्ये म्हटलं, की सरकारी योजनेतही नाहीत आणि खाजगी विम्यातही नाहीत, असे लोकसंख्येतले ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी लोक आहेत. दुकानदार, रिक्षावाले, छोटे शेतकरी, कंत्राटी कामगार हे त्यांतले. यांतले बरेच जण पॉलिसीची चौकशी करतात ती घरात कुणाला तरी निदान झाल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलं तर इथे पाणी तीन वर्षांनी लागतं. ते कसं, हे पुढे येईल.

किती लाखांची घ्यावी

एजंटला विचारू नका, दवाखान्यात विचारा. तुम्ही जिथे जाल अशा दोन रुग्णालयांच्या बिलिंग काउंटरवर जाऊन बायपास, गुडघेरोपण आणि आठवडाभराचा आयसीयू यांचा अंदाजे खर्च विचारा. मुंबई-पुण्याचा आकडा वेगळा येईल, मिरज किंवा लातूरचा वेगळा. तुमच्या घराला तो सर्वांत मोठा आकडा पेलेल एवढी रक्कम हवी.

मोठी रक्कम झेपत नसेल, तर सुपर टॉप-अप हा माझ्या मते सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. ५ लाखांची साधी पॉलिसी घ्यायची आणि तिच्यावर, ५ लाखांपुढचा खर्च देणारी आणखी १५-२० लाखांची सुपर टॉप-अप. एवढं मोठं बिल क्वचित येतं, म्हणून तिचा हप्ता कमी असतो. घेताना ‘सुपर’ हा शब्द नीट बघा. समजा वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं आणि दोन्ही वेळा ४ लाख बिल आलं. साधी टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजते आणि एकही ५ लाखांवर गेलेलं नाही म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज ८ लाख धरते आणि वरचे ३ लाख देते.

आई-वडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका मोठ्या आजारपणात सगळ्या घराची रक्कम संपते. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवा.

कागद वाचायची जागा

चाळीस पानं कुणी वाचत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून ग्राहक माहिती पत्रक मागा. जानेवारी २०२४ पासून ते प्रत्येक पॉलिसीसोबत देणं बंधनकारक आहे आणि ते स्थानिक भाषेत मागता येतं. मराठीतून मागा. त्यात चार गोष्टी शोधायच्या, आणि पहिलीवर सर्वांत जास्त वेळ घालवायचा.

पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. आमचे ७५ हजार इथेच गेले. आईच्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० होतं. आम्ही ८,००० ची स्वतंत्र खोली घेतली. वाटलं, दिवसाचे वरचे ३,००० आपण भरू, पाच दिवसांचे १५,००० होतील. पण पॉलिसीचा हिशेब असा नसतो. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग या सगळ्या खर्चांना त्याच प्रमाणात कात्री लागते, कारण अनेक रुग्णालयांत हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. आमच्या बिलात खोलीचे ४०,००० होते, त्याचे २५,००० मिळाले. सर्जन वगैरेंचे १,६०,००० होते, त्यांचे १ लाख मिळाले. औषधं, तपासण्या आणि रॉड यांचे १ लाख होते, ते पूर्ण मिळाले, कारण नियमानुसार या गोष्टींना ही कात्री लावता येत नाही. मिळाले सव्वादोन लाख, अंगावर आले पाऊण लाख.

म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली, किंवा निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी घ्यावी. मर्यादा असलेलीच पॉलिसी हातात असेल, तर दाखल होताना मर्यादेतलीच खोली मागा आणि घरातल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ करायला लावा. रात्री दोन वाजता भरती करताना काउंटरवर कोण उभं असेल, हे आधी ठरवता येत नाही.

दुसरी, को-पे. प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक टक्के तुम्ही द्यायचे. ५ टक्के ठीक, ज्येष्ठांच्या काही पॉलिसींमध्ये २० ते ३० टक्केही असतो. यातच झोनचा भाग येतो. गावाच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण उपचार मुंबईत घेतले तर काही पॉलिसी जादा को-पे लावतात. गंभीर आजारात तुम्ही मुंबई-पुण्यालाच जाणार असाल, तर हप्ता त्या झोनचा भरा.

तिसरी, ठरावीक आजारांवरची मर्यादा, म्हणजे सब-लिमिट. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांचा आकडा बघा. चौथी, हातमोजे, सिरिंज अशा किरकोळ वस्तू. या अनेक पॉलिसींत मिळत नाहीत आणि आयसीयूच्या बिलात त्यांची बेरीज हजारोंत जाते. त्यांची जोडणी थोड्या पैशांत मिळत असेल तर घ्यावी.

इतकं सगळं ताडून बघायला एक पट्टी हवी असेल, तर आरोग्य संजीवनी बघा. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना ही पॉलिसी एकसारख्या अटींवर विकावी लागते. अटी सारख्या असल्याने कंपन्यांच्या हप्त्याची तुलना सरळ होते. तिच्यात ५ टक्के को-पे आणि खोलीभाड्याची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या शहरात ती अपुरी पडू शकते. छोट्या गावात, छोट्या रुग्णालयांसाठी ती चांगली सुरुवात आहे.

थांबायचा काळ, आणि खरं लिहिण्याची गोष्ट

पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, मुतखडा, मोतीबिंदू अशा आजारांना साधारण दोन वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वी ही मर्यादा चार वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून तीन झाली. वर म्हटलेलं तीन वर्षांनी लागणारं पाणी ते हेच.

आता कळकळीने एक सांगतो. "बीपीची गोळी लिहू नका, उगाच हप्ता वाढेल," असा सल्ला तुम्हाला मिळेल, कदाचित फॉर्म भरणाऱ्याकडूनच. तो ऐकू नका. बीपी, साखर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं लिहा. फार तर हप्ता वाढेल किंवा तीन वर्षं थांबावं लागेल. लपवलंत तर ऐन हार्ट अटॅकच्या क्लेममध्ये जुना केसपेपर निघतो आणि भरलेले सगळे हप्ते पाण्यात जातात. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दिली नाही या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पण त्या आधारावर आज खोटं लिहिणं म्हणजे घर पाच वर्षं टांगणीला लावणं आहे. फॉर्म स्वतः भरा, सही करण्याआधी वाचा आणि त्याची प्रत ठेवा.

दाम आणि काम

मग कंपन्यांची तुलना कशी करायची? एक आकडा दरवर्षी जाहीर होतो: कंपनीने जमवलेल्या १०० रुपये हप्त्यातले किती क्लेमवर गेले. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचा हा आकडा अलीकडच्या वर्षांत ६० ते ७० च्या आसपास राहिला आहे, सरकारी कंपन्यांचा १०० च्या आसपास किंवा वर. लगेच सरकारी चांगल्या, बाकी वाईट असं ठरवू नका. सरकारी कंपन्यांकडे ग्रुप पॉलिसींचा मोठा वाटा आहे आणि त्यांत क्लेमचं प्रमाण मुळातच जास्त असतं. शिवाय वर्षानुवर्षं १०० च्या वर राहणारा आकडा पुढे हप्तावाढ आणतो. फार कमी आकड्याचा अर्थ मात्र सरळ आहे: तुमच्या पैशाचा मोठा भाग उपचारांपर्यंत पोचत नाही. कमिशनसह व्यवस्थापनाच्या खर्चासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांना हप्त्याच्या ३० टक्के आणि केवळ आरोग्य विमा विकणाऱ्यांना ३५ टक्के, अशी मर्यादा विमा नियामकाने घातलेली आहे. एक वर्ष बघू नका, तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

दुसरं, आजच्या हप्त्याइतकाच पंचावन्नाव्या आणि पासष्टाव्या वर्षाचा हप्ता बघा. माहितीपुस्तिकेत वयाप्रमाणे तक्ता असतो. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारी पॉलिसी पुढे झेपली नाही, तर गरज असतानाच ती सोडावी लागते. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी चर्चा करायची, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. तो वाचलेला पैसा रक्कम वाढवायला वापरा. करसवलत मिळते ती जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना: स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० पर्यंत. पण मार्च महिन्यात फक्त करासाठी घाईने घेतलेली पॉलिसी चांगली निघाल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

घेतल्यावर

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत नापसंत असेल तर परत करता येते. त्या ३० दिवसांत नाव, जन्मतारीख, लिहिलेले आजार, खोलीची अट हे सगळं ताडून बघा. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. पॉलिसी आवडली नाही, तरी मधेच सोडू नका. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते आणि थांबलेला काळ वाया जात नाही. आईची पॉलिसी आम्ही पुढच्या वर्षी अशीच बदलली.

दवाखान्यात

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी मेडिक्लेम डेस्कला पॉलिसी द्या. तातडीचं असेल तर दाखल झाल्यावर लगेच कळवा. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरायच्या, अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असा २०२४ पासूनचा नियम आहे. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. हे डेस्कवर शांतपणे सांगा आणि अर्ज पाठवल्याची वेळ लिहून घ्या.

केसपेपरवर डॉक्टर जेव्हा जुन्या आजारांबद्दल लिहितात, तेव्हा शेजारी बसा. "बीपी किती वर्षं?" याला घाबरलेला नातेवाईक "असेल पाच-सहा वर्षं" म्हणून जातो. खरं दोन वर्षं असतं, आणि त्या एका ओळीवर क्लेम अडतो. तारीख आठवत नसेल तर जुनी चिठ्ठी बघून सांगा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डॉक्टरांकडून तेव्हाच दुरुस्त करून सहीसह घ्या.

पैसे आधी भरून नंतर मागायचे असतील, तर डिस्चार्ज समरी, सविस्तर बिल, पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रॉड, स्टेंट, लेन्स बसवली असेल तर तिचं स्टिकर, सगळं मूळ स्वरूपात घ्या आणि देण्याआधी झेरॉक्स काढा. स्टिकर हमखास राहतं. दाखल होण्याआधीचे आणि नंतरचे औषध-तपासणीचे खर्चही ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात. त्यांची वेगळी पिशवी करा.

नाकारलं तर

कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं नेमकं कलम विचारा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीचं अंतिम उत्तर नकाराचं आलं, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत, गोव्याचे अर्ज पुण्याला जातात. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांवर तिथे निर्णय होतो, फी नाही, वकील लागत नाही, अर्ज साध्या भाषेत लिहिला तरी चालतो, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

अर्जाला लागणारे कागद म्हणजे वर सांगितलेल्या झेरॉक्स, फॉर्मची प्रत आणि नकाराचं पत्र. आमच्याकडे हे सगळं एका निळ्या फाइलमध्ये आहे. वरच्या पानावर पॉलिसी क्रमांक, हेल्पलाइन आणि खोलीभाड्याची अट मोठ्या अक्षरात लिहिली आहे, आणि फाइल कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे हे शेजारच्या काकूंनाही माहीत आहे.